आजीला दिसतं तिथपर्यंत

गुण्याला चिखल लागलेला होता. साठ अंशांच्या कोपऱ्यात, वाळलेला, राखाडी, नखाएवढा. बाईंनी आधी तो आपल्या चष्म्याचा दोष मानला आणि आरेखनाच्या सामानाची पेटी खिडकीपाशी नेली. मग बोट लावून पाहिले. चिखलच होता. छत्तीस वर्षे भूमापन कचेरीत नकाशे काढताना ज्या गुण्याला त्यांनी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता, जो रोज कचेरी सुटताना मऊ फडक्याने पुसून मखमलीच्या खाचेत निजवल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या, त्या गुण्याला बाहेरची माती लागली होती. आणि पेटी तर निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत या घराबाहेर पडलेली नव्हती. त्यांनी ती उघडली होती तीही उगीचच. दुपारी डोळ्यांत थेंब घालून दहा मिनिटे मिटल्या डोळ्यांनी पडायचे, आणि उठल्यावर हातांना काहीतरी हवे असते, एवढेच कारण. खाचेतून गुण्या काढला तेव्हा त्याच्याखाली घडी घातलेला एक कागद होता. घडी आठ पदरी, कडा काटेकोर जुळवलेल्या. अशी घडी या घरात दोनच माणसे घालत, आणि त्यांतल्या एका माणसाने ही घातलेली नव्हती.

दुसरे माणूस दहा वर्षांचे होते, त्यांची नात, जिला घरात सगळे मुंगी म्हणत. कारण चालायला लागल्या दिवसापासून ती कुठे एका जागी दिसली नव्हती. आत्ता सव्वाचार वाजले होते. मुंगी चार वाजता पिवळी टोपी घालून खाली खेळायला गेली होती, आणि सहा वाजेपर्यंत तिच्यावर नजर ठेवणे हे बाईंचे काम होते. घराचा नियम एका वाक्याचा होता, सर्वांनी मिळून ठरवलेला: आजीला दिसशील तिथपर्यंत जायचे. मुलगा औषधांच्या दुकानात असे, सून रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात परिचारिका. चार ते सहा हा काळ बाईंचा, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीचा आणि त्यांच्या डोळ्यांचा होता. बाईंनी कागद उघडून टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजने ठेवली, ही सवय, आणि वाकल्या.

नकाशा होता. डोळ्यांच्या आधी हातांना कळले. बोटे आपोआप उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली, कारण खुणांची यादी तिथेच असते आणि ती तिथेच होती. वर बाण काढून उत्तर दिशा दाखवलेली. प्रमाण लिहिलेले: एक सेंटिमीटर म्हणजे माझी वीस पावले. रेषा पेन्सिलीची, पण एकदा ओढलेली, पुन्हा न गिरवलेली. टोकाशी रेषा जाड होत नव्हती, म्हणजे उचलताना मनगट उचलले होते, बोटे नव्हे. क्षणभर बाई सगळे विसरल्या. कचेरीत नवे आरेखक येत, दोन-दोन वर्षे झाली तरी त्यांना टोकाशी मनगट उचलता येत नसे, आणि इथे हे दहा वर्षांचे पोर. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. फाटक. पाण्याची टाकी. टाकीमागे चौकोनात गोल: हलते झाकण, उडी मारायची नाही, कडेने जायचे. लाकडांच्या वखारीची लांब भिंत, भिंतीच्या टोकाशी एक मोठा आणि पाच बारीक ठिपके: कुत्री आणि पिल्ले, इथे हळू चालायचे, तिच्याकडे बघायचे नाही. वखारीच्या मागे दोन समांतर रेषा, मध्ये बारीक लाटा. कालवा. पाणी दीड काठी, उतारावर शेवाळ. कालव्यावर आडवा लोखंडी साकव आणि शेजारी सुवाच्य अक्षरांत: सातवी आणि बारावी फळी नाही, मोजत जायचे. साकवापलीकडे पांढरा खांब. आणि या सर्वाला वेढून, खांबाच्याही पुढून वळसा घेत गेलेली एक तुटक रेषा, जिचा अर्थ यादीत शेवटी दिला होता: आजीला दिसतं तिथपर्यंत.

बाईंना खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती त्यांनीच सरकवली होती. त्या गॅलरीत गेल्या. खाली फाटक होते, फाटकापाशी काहीतरी पिवळे होते, ते टोपी असेल किंवा कोणाचा डबाही असेल. फाटकापुढे रंग होते. हिरवट, विटकरी, त्यावर एक पांढुरका पट्टा, तो टाकीचा किंवा आभाळाचा. गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितले होते की लांबचे पुसट होत जाईल आणि कडेचे हळूहळू जाईल; थेंबांनी फक्त वेग कमी होईल. घरी येऊन बाईंनी सांगितले होते की डोळ्यांना थोडे पाणी येते, बाकी ठणठणीत. यात फसवण्याचा हेतू नव्हता, असे त्यांनी स्वतःला अनेकदा बजावले होते. सुनेने शाळेनंतरच्या एका वर्गाची चौकशी करून ठेवली होती. मोठी खोली, छताला कॅमेरे, मुले सात वाजेपर्यंत गालिच्यावर बसून रंग भरतात. आजीच्या डोळ्यांचे कळले असते तर दुसऱ्या दिवसापासून मुंगी त्या गालिच्यावर गेली असती. आणि आजी? आजी कुठल्या गालिच्यावर गेली असती, हा विचार बाईंनी कधी पुरा केला नव्हता.

पण मुलीला खांबापर्यंतचा मुलूख कोणी दिला, हे आता त्यांना सरळ रेषेसारखे दिसत होते. वसंतात ती आठवडाभर रोज गॅलरीत येऊन काहीबाही विचारत होती. आजी, टाकीवरचा आकडा दिसतो का तुला? दिसतो की. वखारीचं छप्पर? न दिसायला काय झालं. आणि तो कालव्यापलीकडचा पांढरा खांब, तो पण? त्या वेळी सून मागे कपडे वाळत घालत होती. तिचे हात थांबल्याचे बाईंना जाणवले होते, आणि त्या ताठ होऊन म्हणाल्या होत्या, अगं, त्या खांबावर कावळा बसलाय तोही दिसतोय मला. सून हसली होती. मुंगी हसली नव्हती; तिने खांबाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि मान डोलावून आत गेली. पोरीने नियम मोडलेला नव्हता. तिने हद्द मोजली होती, एकेक ठिकाण विचारून, साक्षीदारासमोर, कचेरीत मोजतात तशी. आणि साक्षीदार खोटे बोलला होता.

मुलाला फोन करावा का? हात फोनपर्यंत गेला. मुलगा काय म्हणेल ते बाईंना पाठ होते. तो ओरडणार नाही. तो कधीच ओरडत नाही. बेचाळिसाव्या वर्षी तो औषधाची बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तिच्यावरची तारीख दोनदा वाचतो, घरचे कुलूप तीनदा ओढून बघतो, आणि मुलीला समोर बसवून शांतपणे सांगतो की मी तुझ्याएवढा असताना ऐकलं नव्हतं, म्हणून सांगतो. हे वाक्य तो म्हणाला की बाई उठून स्वयंपाकघरात जात. दर वेळी. नळ सोडत, भांडे विसळत, नळ बंद करत. आजवर कोणी त्यांना विचारले नव्हते की त्या वाक्याला त्या का उठतात. त्यांनी फोन जागेवर ठेवला, नकाशाची घडी घातली, काठी घेतली आणि बाहेर पडल्या.

फाटकाशी जे पिवळे होते ते रंगाचे रिकामे पिंप होते. रखवालदाराने खुर्चीतून उठत विचारले की बाई आज इकडे कशा, गुडघा बरा दिसतोय. बाईंनी मान हलवली. गुडघा बरा नव्हता. टाकीच्या मागे गेल्यावर त्यांनी काठीने झाकण दाबून पाहिले. ते हलले, आणि खालून एक पोकळ आवाज आला. त्या कडेने गेल्या. इथून पुढे वखारीची भिंत, नकाशावर साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे मुंगीची एकशे सत्तर पावले. बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि आपली पावले तिच्यापेक्षा लहान पडताहेत हे त्यांच्या लक्षात आले. कधीकाळी याच भिंतीकडेने त्या कचेरीला जात. काटकोन येतोय, असे कचेरीतली पोरे मागून कुजबुजत, त्यांच्या ताठ चालण्यावरून. त्यांना ते कळत होते आणि मनातून आवडतही होते. मुख्य आरेखक मात्र हसत नसत. त्यांचे एक सांगणे होते, रोजचे, नव्या-जुन्या सर्वांना: जे माहीत नाही ते कोरे सोडा, पण माहीत आहे ते कोरे सोडू नका. आणि प्रत्येक नकाशाच्या पायाशी दोन ओळी असत, एक काढणाऱ्याच्या सहीची, दुसरी तपासणाऱ्याच्या सहीची. दुसऱ्या माणसाने जागेवर चालून पाहिल्याशिवाय नकाशा कपाटाबाहेर जात नसे. बाईंच्या छत्तीस वर्षांतला एकही नकाशा तपासणीतून परत आला नव्हता. कारण जो परत यायला हवा होता, तो त्यांनी तपासणीला पाठवलाच नव्हता.

तो त्यांनी मुलासाठी काढला होता. त्याच्या नवव्या वाढदिवसाला, ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईने, आठ रात्री खपून. घर, फाटक, टाकी, शाळेची वाट, चेंडूफळीचे मैदान, आणि या टोकाला वखारीची भिंत. खाली लिहिले होते: या नकाशावर जे आहे तिथे तू जाऊ शकतोस. पोराने तो नकाशा उशाशी घेऊन झोपावे, एवढा त्याला त्याचा अभिमान. वखारीमागे कालवा होता आणि कालव्याचे नुसते नाव निघाले तरी बाई विषय बदलत. म्हणून त्यांनी तो काढला नाही. जे कागदावर नाही ते मुलाच्या डोक्यात येणार नाही, असे त्या धरून चालल्या. नकाशे काढणाऱ्या बाईलाच असे वाटू शकते. दुसऱ्या एखाद्या आईने मुलाचा कान धरून त्याला पाणी दाखवले असते. बाईंनी वखारीच्या भिंतीमागे एक सुंदर, स्वच्छ, पांढरी जागा सोडली.

भिंत संपली. कुत्री तिथेच होती, पोत्यावर आडवी, आणि पिल्ले पाच नव्हती, चार होती. बाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. आता पाण्याचा आवाज येऊ लागला होता, तोच तो, एकसुरी, सगळे आवाज गिळणारा. तेहेतीस वर्षांपूर्वी त्या आवाजामुळेच मुलाची हाक कोणाला ऐकू गेली नव्हती. तो उतारावरून घसरून पाण्याकाठच्या हातभर कट्ट्यावर थांबला होता, पोटऱ्या पाण्यात, वर यायला धरायला काही नाही, चार तास. कालव्यावरच्या पाटकऱ्याने संध्याकाळी फेरी मारताना त्याला पाहिले, दोर टाकला, खांद्यावर टाकून घरी आणले. मुलाच्या खिशात पेन्सिल होती. बाईंनी त्याचे पाय चोळत विचारले होते की कशाला गेलास, आणि तो दात वाजत असताना म्हणाला होता, तिथे कोरं होतं, मला वाटलं तू भरायची विसरलीस, मी भरून आणणार होतो. हे फक्त बाईंनी ऐकले. मग त्याचे वडील आले, घाबरलेला माणूस ओरडतो तसे ओरडले, आणि बाईंना विचारले की तू याला सांगितलं नव्हतंस का. त्या वेळी शेजारची चार माणसे दारात उभी होती. बाई म्हणाल्या, सांगितलं होतं मी, ऐकलं नाही त्यानं. मुलाने त्यांच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. दोन वर्षे तो शाळेखेरीज कुठे गेला नाही, आणि मग हळूहळू, बाईंच्या डोळ्यांदेखत, त्याने स्वतःची आठवण बदलून घेतली. आई खोटे बोलते, यापेक्षा आपण ऐकले नाही, हे त्याला सोपे गेले असावे.

कोपरा वळल्यावर बाईंना साकव दिसला, आणि साकवापलीकडे पांढरा खांब. खांबाशी पिवळी टोपी होती. मुंगी त्यांच्याकडे पाठ करून, टाचा उंचावून, इमारतीच्या दिशेने हात हलवत होती. हलवून थांबली, टोपी काढून पुन्हा हलवला. चौथ्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या गॅलरीला, जिथे या वेळी बाई रोज ऊन डोळ्यांवर येते म्हणून कपाळाशी हात धरून उभ्या असत. म्हणजे हे रोज चालले होते. रोज साडेचारला ही इथून हात करत होती आणि तिला तिकडून उत्तर मिळत होते. बाई हाक मारणार होत्या. त्यांनी ती मारली नाही. दचकून वळली तर पळत येईल, आणि मध्ये दोन फळ्या नाहीत. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काठीचे टोक मातीत रुतत होते. आपण ते दाबतो आहोत हे त्यांना कळत होते आणि थांबवता येत नव्हते. खाली पाणी चालले होते. उताराचा तो कट्टा तसाच होता, शेवाळलेला, हातभर.

मुंगी वळली. तिला बाई दिसल्या, तिने आनंदाने टोपी उंच धरली, आणि ती धावणार तोच बाईंनी काठी वर उचलली. कचेरीत त्या आवाज चढवत नसत, काठी तर नव्हतीच तेव्हा. पण त्यांचा हात वर गेला की खोलीतली कात्री थांबे. मुंगी थांबली.

“पळू नकोस. मोज.”

पाण्यावरून ते तिच्यापर्यंत पोचले की नाही कोण जाणे, पण तिने मान डोलावली, कठडा धरला आणि चालू लागली. ती उलटे आकडे मोजत असणार. फळ्यांचे क्रमांक या काठापासून दिलेले होते. एक पाय, मग दुसरा. बाराव्या फळीची रिकामी फट जवळ आली आणि मुंगीच्या बाजूची, नकाशात धड दाखवलेली तेरावी फळी तिच्या पायाखाली एका बाजूने खाली गेली. बाईंना आवाज आला नाही. फक्त पिवळा रंग खाली झाला. नंतर त्यांना आठवायचे की त्या क्षणी त्यांनी डोळे मिटले नाहीत, मिटावेसे वाटले तरी. एवढी एक गोष्ट त्या दिवशी त्यांनी चोख केली. मुंगी पडली नव्हती. ती बसली होती. दोन्ही हातांनी कठड्याची खालची सळई धरून, ती जागच्या जागी बसली, श्वास घेतला, पुढची फट ओलांडून हात पुढच्या सळईवर नेला आणि बसल्या बसल्याच सरकत आली. सातवीशी उभी राहिली, ओलांडली. मातीवर पाय टेकल्यावर ती बाईंच्या कमरेला बिलगली. बाईंच्या हातातली काठी कधी पडली होती त्यांना माहीत नव्हते.

थोड्या वेळाने ती म्हणाली की तेरावी परवापर्यंत घट्ट होती. बाई म्हणाल्या की कुत्रीची पिल्लेही आता चारच आहेत. मुंगीने पटकन खिसा चाचपला, नकाशा पेटीत राहिला हे तिला आठवले, आणि तो बाईंच्या हातात दिसला. तिचा चेहरा उतरला, पण तिने खाली पाहिले नाही. गुण्या पुसून ठेवला होता, कोपरा राहिला, असे ती पुटपुटली. मग तिला खरा प्रश्न सुचला.

“पण तू आलीस कशाला, आजी? मी वरून दिसते ना तुला? मी रोज हात करते, तू पण करतेस.”

तेहेतीस वर्षांपूर्वी दारात चार माणसे उभी होती. इथे कोणी नव्हते. नाही दिसत, असे म्हणायला किती जागा लागते? बाईंना ती जागा सापडेना. दिसतेस की, हे जिभेवर तयार होते, गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेले. ते म्हटले तर नियम शाबूत राहील, हद्द शाबूत राहील, ही पोर उद्याही तेरावी फळी टाळून खांबापर्यंत येईल आणि नुसते रंग दिसणाऱ्या डोळ्यांकडे बघून हात हलवेल.

“नाही दिसत,” बाई म्हणाल्या. “फाटकाच्या पुढचं मला काही दिसत नाही. हिवाळ्यापासून.”

मुंगीने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले, एकात, मग दुसऱ्यात, जणू आत काही लिहिलेले आहे. तिला राग आला नव्हता. तिला काहीतरी मोजायचे होते. परत येताना अर्ध्या भिंतीपर्यंत ती पावले मोजत आली. मग म्हणाली, म्हणजे माझी तुटक रेषा चुकली. बाई म्हणाल्या, रेषा बरोबर आहे गं, माहिती चुकीची दिली होती. आणखी काही पावलांनी तिने विचारले की आता मला त्या रंग भरायच्या वर्गात घालणार का, आणि बाईंनी तिचा हात धरला, म्हणजे तिने बाईंचा, कारण झाकणापाशी कडेने जायला तीच त्यांना शिकवत होती.

संध्याकाळी मुलगा आणि सून घरी आल्यावर, चहाचे कप उचलल्यावर, बाईंनी टेबल पुसले आणि मुंगीचा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार वजने. मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि कपाटावरच्या पत्र्याच्या नळकांड्यातून ट्रेसिंगचे कापड काढून आणले. मूळ प्रत फाडायची नसते, एवढ्याच कारणासाठी ते तेहेतीस वर्षे टिकले होते. निदान बाईंनी कारण तेवढेच मानले होते. त्यांनी ते शेजारी अंथरले. आधी डोळ्यांचे सांगितले, डॉक्टरांच्या शब्दांत, न गाळता. सून खुर्चीच्या कडेवर बसली होती. खांबावरचा कावळा, एवढेच ती म्हणाली, आणि मग, फार हळू, की आई, वॉर्डात येणारं प्रत्येक मूल ‘इथेच तर होतं’ असं सांगूनच आणतात हो. बाईंनी ते ऐकून घेतले. फळीचे सांगितले. सुनेने मुंगीला जवळ ओढून तिचे तळवे उलटेसुलटे पाहिले. मग बाईंनी मुलाकडे तोंड केले आणि कापडावरच्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवले.

इतकी वर्षे त्यांनी हे अनेकदा मनात जुळवले होते. काळजीपोटी, त्या काळी, तुझे वडील, चार माणसे. आता जुळवलेले एकही वाक्य आले नाही. त्या म्हणाल्या की इथे कालवा होता आणि मला माहीत होता. मी तो काढला नाही. तुला कधी सांगितलाही नाही. तू विचारशील म्हणून तोंडातून शब्द काढला नाही, आणि सगळ्यांना सांगितलं की सांगितला होता.

मुलगा वाकून कापडाकडे पाहत राहिला. त्याने खिशातला चष्मा काढून लावला, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो तसा खालचा मजकूर वाचला, या नकाशावर जे आहे तिथे तू जाऊ शकतोस, पुन्हा वाचला. भिंतीपाशी बोट नेले, पांढऱ्यात नेले, मागे घेतले. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली.

“म्हणजे मी ऐकलं होतं,” तो म्हणाला.

“ऐकलं होतंस.”

तो उठला, कुलूप ओढून पाहायला दाराकडे गेला, दाराशी उभा राहिला, आणि ते न ओढताच आत निघून गेला. पुढचे दोन दिवस घरात बोलणे झाले ते मीठ, चावी आणि दूध यांबद्दल. मुंगी शाळेतून आली की गॅलरीत बसे. खाली जायचे नाही असे तिला कोणी सांगितले नव्हते आणि जा असेही नाही. बाईंनी गुण्या पुसून मखमलीत ठेवला, काढला, पुन्हा पुसला. मुलाच्या चपलांचा आवाज त्या खोलीखोलीतून ऐकत. इतकी वर्षे त्याचे ते मोजके, जपून टाकलेले पाऊल त्यांना स्वभाव वाटत आले होते. आता प्रत्येक पाऊल त्यांना आपल्या हातची रेषा वाटू लागली. गालिच्यावरच्या वर्गाचा छापील कागद फ्रिजवर चिकटवलेला होता, तो शुक्रवारीही तिथेच होता, शनिवारीही.

रविवारी सकाळी त्याने कपाटाच्या तळातून कसून बांधायचे बूट काढले. मुंगीला म्हणाला, तुझा नकाशा आण. तिने आणला. पायाशी तिने कचेरीसारख्या दोन ओळी आखल्या होत्या, एकीवर तिचे नाव आणि दुसरी कोरी, तपासणाऱ्यासाठी. त्या कोऱ्या ओळीकडे त्याने थोडा वेळ पाहिले.

“जागेवर बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही,” तो म्हणाला, मुलीला की आईला हे कळू न देता. “आणि तेरावी फळी आधी लिही.”

तिने पेन्सिल घेऊन तिथेच उभ्या उभ्या लिहिली; पाचवे पिल्लूही खोडले. सुनेने मुंगीच्या बुटांच्या नाड्या दोनदा बांधल्या आणि म्हणाली की दहापर्यंत आला नाहीत तर मी निघते, मग तुमचा नकाशा नि माझा आवाज. ती थट्टा होती, पण तिचा हात नाडीवर जरा जास्त रेंगाळला. दार लागले. कुलूप ओढल्याचा आवाज आला नाही.

बाई गॅलरीत जाऊन बसल्या. मुंगीचा नकाशा त्या दोघांबरोबर गेला होता. मांडीवर होते ते जुने कापड. सून येऊन कठड्याशी उभी राहिली. थोड्या वेळाने, समोरून नजर न काढता, तिने विचारले की आई, तुम्हाला काय काय दिसतं ते खरंखरं सांगा. बाई म्हणाल्या, फाटक. त्यापुढे रंग. सूनबाईने मान हलवली आणि सांगू लागली, वॉर्डात रात्रपाळीच्या परिचारिकेला रुग्ण सोपवताना सांगतात तसे, सपाट आवाजात. फाटकाबाहेर गेले. ती पुढे आहे, हे मागे. टाकीपाशी थांबले. ती त्यांना काहीतरी दाखवतेय, वाकलेत दोघं. कडेनं गेले. आता भिंत. आता यांनी तिचा हात धरलाय, नाही, सोडला. बाईंचे बोट कापडावर त्या शब्दांमागून चालले होते, काळ्या शाईच्या रेषेवरून, जी अजून कुठे फुटलेली नव्हती. भिंत संपत आली. सूनबाईचा आवाज थांबला. तिने पायांच्या बोटांवर उभे राहून मान लांब केली, कठडा धरला.

“वखारीच्या आड गेले. आता मलाही नाही दिसत,” ती म्हणाली.

बाईंचे बोट भिंतीच्या टोकाशी पोचले होते. त्यापुढे शाई नव्हती. त्यांनी ते उचलले नाही. तसेच पुढे, त्या पांढऱ्या जागेत नेले, आणि जिथे साकव असायला हवा होता तिथे ठेवून वाट पाहत बसल्या.